मुकी गोळी

"परत रिकामा," ओदेरानं गंधसापळा उपडा करून दाखवला. "एकही पतंग नाही."

"मग ही काय आभाळातून पडली?" अपोंडीनं मक्याचा पोंगा उघडला. आत लष्करी अळी मजेत चरत होती.

सुट्टी लागली तेव्हा आईचं शेत हिरवंगार होतं. आता पानांची पार चाळण झाली होती. वर्षभराची उगाली, पिठाची घट्ट उकड, या मक्यातूनच शिजायची. आणि बाबांचा एकच हेका, सापळ्यात पतंग दिसल्याशिवाय फवारायचं नाही.

दोघा भावंडांच्या सावत्र भावानं, ओकिंदानं, सापळ्यातली गोळी हुंगली. "म्हणे मादीच्या वासानं नर येतात. मला तर कसलाच वास येत नाही."

"तू पतंग आहेस का?" ओदेरा म्हणाला.

पण अपोंडीला चैन पडेना. गोळी घेऊन तिघं सरोवराकाठच्या कीटक केंद्रात गेली. तिथे काम करणाऱ्या अकेयो मावशीनं नर पतंगाची मिशी स्पीकरला जोडलेल्या दोन बारीक तारांमध्ये बसवली.

"मिशीवरच्या केसांना सूक्ष्म भोकं असतात. वासाचा कण आत शिरला, की चेतापेशीचं दार उघडतं आणि विजेची लहर मेंदूकडे धावते. मग पतंग निघालाच म्हणून समजा. ऐका."

तिनं नव्या गोळीवरची हवा मिशीवर सोडली. स्पीकर तडतडला. मग यांच्या गोळीवरची सोडली. काही नाही. पुन्हा सोडली. तरी काही नाही.

"वास कधीच उडून गेलाय. उन्हात उघडी पडली होती का रे?"

तिघांनाही ते सूप आठवलं. पहिलं बी बाबांच्या थोरल्या बायकोनंच पेरायचं, हा घराचा रिवाज. बाबांनी तोच गोळ्यांना लावला होता. पाकिटं फोडून गोळ्या सुपात मांडल्या आणि थोरलीची वाट बघत बसले. ती माहेरी सुतकाला गेलेली. ती येईपर्यंत सूप पत्र्यावर तापत राहिलं.

"माझ्या आईसाठी थांबले," ओकिंदा पुटपुटला. त्याला रडू फुटलं.

बाबांनी सगळं ऐकलं. मग शेजाऱ्यांना बोलावून म्हणाले, "माझी चूक पोरांनी शोधली. शाबास रे!" सगळ्यांनी पाठी थोपटल्या. अपोंडीला त्या थापा नकोशा झाल्या.

आई विळा घेऊन शेतात शिरली आणि गुरांसाठी ताटं कापू लागली.

"अगं, थोरलीच्या आधी पीक कापायचं नसतं," बाबा हळूच म्हणाले.

"पीक?" आई कापतच राहिली. "दाखवा ना कुठंय."