वाकडी ती हिरवी

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. पण विश्वजितची गोष्ट पोटात राहीना... म्हणून सांगतो.

पाटणचा हा गडी सैन्यभरतीत पळण्यात पहिला आला. डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं, आन् त्याला आकडाच दिसंना. हिरवा आन् केशरी त्याला एकच; भरतीतनं बाद. घरी सांगितलं, पाय मुरगळला. खरं ठाऊक एकट्या पप्पूला, जिवलग दोस्ताला.

मग मोबाईलवर बघून नेटवर्किंग शिकला, सांगलीत क्लास लावला. शेवटची परीक्षा : दोन जुने राऊटर थेट जोडायचे. त्याला क्रॉसओव्हर केबल लागते – एका टोकाला हिरव्या तारांची जोडी आधी, दुसऱ्या टोकाला केशरी. जमलं तर साताऱ्यात नोकरी. चिठ्ठ्या टाकल्या, तशी जोडीला आली क्लासातली प्रांजल, सांगलीचीच.

"तू हिरवं टोक कर, मी केशरी," ती म्हणाली.

त्यानं तारा उलगडल्या. निळी कळाली, तपकिरी गडद म्हणून कळाली. बाकीच्या जुळ्या बहिणी. त्या तो बोटांत नुसत्याच फिरवत राहिला.

प्रांजलनं सरांकडं बघितलं. मग गुपचूप त्याच्या हातातल्या दोन तारांची टोकं नखानं वाकवली.

"वाकडी ती हिरवी," ती हळूच बोलली.

"तुला... कसं कळलं?"

"परवा माझ्या केशरी ओढणीला हिरवी म्हणालास."

"म्हणून हसलीस व्हय?"

"ओढणीकडं बघतोस, हे कळलं म्हणून हसले."

त्यानं तारा ओळीत लावल्या, वाकडी टोकं कापली, क्लिप दाबली. केबल जोडली. दोन्ही राऊटरवर दिवा लुकलुकला.

"हिरवा हाय का?"

"हिरवाच. माझ्यावर भरवसा ठेव."

संध्याकाळी स्टँडवरनं त्यानं पप्पूला फोन लावला. डोक्यात नुसता गुंता.

"कीव आली असंल का रं तिला?"

"येड्या, कीव आलेली पोरगी ओढणीचं ध्यानात ठेवत न्हाई."

"पण सरांना फसवलं की गड्या. उद्या साताऱ्यात तारा कोण वाकवून देणार?"

"मग सांग की खरं."

"नोकरी गेली तर?"

विश्वजितनं मूठ उघडली. कापलेली दोन वाकडी टोकं तळव्यावर तशीच होती. रंग कळंना... पण कुठली ते ठाऊक होतं.

"पप्पू, उद्या सरांना डोळ्यांचं सांगतो. पाय मुरगळला न्हवता, हे घरी पण. आन् तिला विचारतो, रविवारी कृष्णेच्या घाटावर येताना ओढणी कुठल्या रंगाची घालणार ते. शब्द देतो तुला."