डाव्या बाजूचं मडगार्ड

कोंडिबाला पत्रा डोळ्यांनी कळत नसे, तळहाताने कळे. रेल्वेच्या कारखान्यात डब्यांचे पत्रे ठोकण्यात तीस वर्षं गेली, तिथेच तो हे शिकला. डोळे मिटायचे आणि डावा तळहात पत्र्यावरून सावकाश न्यायचा. केसाएवढा उंचवटाही हाताला सापडतो. त्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर लहानपणी विळ्याने गेलं होतं. सुनंदा, त्याची बायको, म्हणायची की नवऱ्याची सगळी अक्कल त्या साडेचार बोटांत आहे.

निवृत्तीनंतर दोघं जयपुरातच, खातीपुऱ्यात राहिली. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात विमा कंपनीतले श्रीपाद जोगळेकर आपली जुनी विलायती गाडी त्यांच्या अंगणात उभी करून गेले. तिचं डाव्या बाजूचं पुढचं मडगार्ड गंजून चाळण झालं होतं, आणि तसं नवीन आता कुठेच मिळत नव्हतं. कोंडिबाने उजव्या मडगार्डावर जाड कागद दाबून मापं घेतली, कागद उलटे केले, आणि कडुनिंबाखाली वाळूच्या पिशवीवर कोरा पत्रा ठेवून लाकडी हातोडीने घडवायला बसला.

आठव्या दिवशी गोलाई जमली. हात फिरवला तर कुठे खोट नाही. जेवून तासभर पडला आणि उठून पाहतो तो मधोमध पोचा.

मांजर बसलं असेल, सुनंदा म्हणाली. मांजराच्या वजनाने हा पत्रा दबत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने आतून ठोकून पोचा काढला. दुसऱ्या दुपारी तो पुन्हा त्याच जागी आला.

तिसऱ्या दुपारी, पोचा पुन्हा काढून, मडगार्ड खोलीत नेलं, दाराला आतून कडी घातली आणि समोर खुर्ची टाकून तो बसला. बाहेर आंधी उठली. खिडकीच्या फटींतून आलेली बारीक वाळू पत्र्यावर पिठासारखी बसत गेली. कोंडिबाने नजर हलवली नाही. कुणी आलं नाही, काही वाजलं नाही. आंधी ओसरल्यावर तो जवळ गेला. वाळूचा थर कुठेही मोडला नव्हता. थराखाली पोचा होता.

त्याने डोळे मिटून हात लावला. रुंद, उथळ खोलगट जागा, आणि एका कडेला सुपारीएवढा खोल खड्डा. हाताला ते ओळखीचं वाटलं. कुठलं, ते आठवेना.

आठवलं सकाळी. दहा वर्षांपूर्वी सुनंदा गावाकडे माळ्याच्या शिडीवरून पडली होती. हाड वाकडं जुळलं आणि उजव्या खांद्यावर गाठ राहिली. रोज सकाळी कोंडिबा त्यावर कोमट तिळाचं तेल चोळी. त्या दिवशी चोळता चोळता त्याचा हात गाठीवर थांबला. तो उठला, मडगार्ड घेऊन आला आणि तिच्या खांद्यावर टेकवलं. डब्यावर झाकण बसावं तसं ते बसलं.

"आता मलाही ठोकून सरळ करताय का?" सुनंदा हसली.

त्याला हसता आलं नाही. गाडी धडकली तरी उभ्या माणसाचा खांदा मडगार्डापेक्षा उंच असतो, असं त्याने मनाला समजावलं. मग ध्यानात आलं, सुनंदा रोज भाजी घ्यायला रस्त्याच्या कडेला, भाजीवालीच्या टोपलीपुढे उकिडवी बसते.

दुपारपर्यंत त्याने कातरीने मडगार्डाचे तुकडे केले. जोगळेकरांना सांगितलं, वय झालं, हात चालत नाही. ते नाराज होऊन गाडी ओढून घेऊन गेले.

सुनंदाला त्याने सगळं सांगितलं आणि भाजीला जायची बंदी केली. "आणि तुम्ही आणणार? जून भेंडी?" तिने ऐकलं नाही. मग तो रोज तिच्याबरोबर जाऊ लागला. ती टोपलीपुढे बसली की हा रस्त्याच्या बाजूला उभा राही. गाडी आलीच तर आधी आपला हात आडवा जाईल, एवढंच त्याने ठरवलं होतं.

महिन्याभराने फाटकात भोंगा वाजला. जोगळेकर काळ्याभोर, चकचकीत गाडीतून उतरले. नवं मडगार्ड त्यांनी शहरात दुसऱ्या कारागिराकडून करून घेतलं होतं.

"काम झकास झालंय, कोंडिबाजी. पण दुपारी उभी असली की पोचा येतो. दोनदा काढून घेतला. तुम्ही जरा हात लावून बघा."

कोंडिबाला नको होतं. तरी त्याने डोळे मिटून डावा हात ठेवला.

रुंद खोलगट जागा. कडेला सुपारीएवढा खड्डा.

हात पुढे सरकला आणि थबकला. शेजारी दुसरा पोचा होता. त्याने घडवलेल्या मडगार्डावर हा नव्हता.

त्याचा तळहात त्यात आपसूक बसला.

मागून सुनंदाने पिशवी झटकत हाक मारली, "अहो, भाजीवाली आली. येताय ना?"

कोंडिबाने एकेक बोट चाचपलं. चारही आपापल्या खाचेत टोकापर्यंत बसली होती. करंगळीची खाच एक पेर आधीच संपत होती.