धामापूर ते आंबोली

धामापूरच्या तलावावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. देवळाजवळ मी सायकलींच्या टायरांत हवा भरत होते, तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "नमस्कार… आम्ही वेंगुर्ल्याहून आलोय. दोन दिवसांच्या सहलीसाठी."

मी वळले, आणि पंप हातातून सुटला.

सर्वेश!

आठ महिन्यांपूर्वी हा मुलगा आमच्या ओटीवर बसून गेला होता. मला बघायला. वेंगुर्ल्याला फळबागांच्या संशोधनातली नोकरी, हसरे डोळे. मी लोकांना सायकलवरून तळी नि डोंगर दाखवते, हे त्यानं किती मन लावून ऐकलं होतं! पण चहा पिता पिता त्याची शेवंतीआत्या म्हणाली, "लग्नानंतर ह्या सायकलीचा खूळ बंद होतला मा?"

मी सर्वेशकडे पाहिलं. त्यानं कपात पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना नकार कळवायला लावला.

"आमचे एक साहेब तापानं आडवे झाले," त्याच्यासोबतचा अजय सांगत होता. "म्हणून ह्याला ऐनवेळी उचलून आणलाय." अजयची बायको रिया हेल्मेट घालून तयारही झाली होती. सर्वेशचे कान मात्र लालभडक. म्हणजे त्यालाही ठाऊक नव्हतं तर!

"सायकल येते ना तुम्हाला?" मी शक्य तेवढ्या कोरड्या आवाजात विचारलं.

"शाळेत असताना चालवायचो."

"मग ब्रेक आधीच तपासून घ्या. काही माणसांना वेळेवर काही सुचत नाही."

मी त्याची सीट वर केली, तेव्हा तो सायकल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला.

कुडाळ मागे पडलं. कापलेल्या भाताचा वास, डिसेंबरचं कोवळं ऊन… सामान घेऊन पुढे गेलेली माझी कावेरीवहिनी पिंगुळीला टेम्पो उभा करून शहाळी घेऊन बसली होती. मी नेहमीसारखी सगळ्यात शेवटी राहिले होते, आणि सगळ्यात हळू कोण? तर सर्वेश. त्यामुळे दिवसभर आम्ही दोघंच.

"तुम्ही मालवणीत बोलत नाही?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"पाहुण्यांशी नाही."

"मगे मी पावणो?"

"दोन दिवसांपुरते."

"बरा," तो म्हणाला, "दोन दिवस तरी गावले."

मी मान फिरवली. हसू दिसलं असतं ना!

संध्याकाळी सावंतवाडीला मोती तलावाच्या काठावर सगळे भजी खात होते. त्यानं त्याच्या पुड्यातली मिरची माझ्यापुढे केली. मला मिरची आवडते हे ह्याला कसं कळलं, हे मी विचारलं नाही… आणि मिरची मात्र खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दाणोली सोडलं नि घाट लागला. अजय-रिया पुढे निघून गेले. सर्वेश तोंडानं आकडे मोजत पायडल मारत होता. एका वळणावर वरून एसटी आली, ह्यानं घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला, आणि सायकलसकट कडेच्या गवतात!

"सर्वेश!" मी सायकल टाकून धावले. "खंय लागला तुका? दाखव बघू!"

गुडघा चांगलाच सोलवटला होता. मी पाणी ओतलं, औषध लावलं.

"मालवणीत बोललंस," तो हळूच म्हणाला. "आणि 'तू'सुद्धा म्हटलंस."

"गप बस!"

"नको गो. एकदा गप बसलंय, तेचीच शिक्षा भोगतंय."

घाटात वारा सुटला होता. मी पट्टी बांधत राहिले. मान वर करायचा धीर नव्हता.

"कित्याक गप बसलंस?" मी विचारलं.

"घाबरलंय." त्यानं सबब शोधली नाही. "आई गेल्यावर आत्येनच माका वाढवल्यान. तिका चार माणसांत उलट बोलाक जीभ उचलली नाय. घराक जाऊन बोललंय… मोठा भांडाण झाला. पण तवसर तुमचो नकार इलो."

"मगे फोन करूचो होतो!"

"तू नाय म्हटलेलंस. नाय म्हटलेल्या मुलीक फोन करून सतावणारो मी नाय, गौरजा."

पट्टीची गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा त्यानंच बोट धरलं तिच्यावर — गाठीवर — आणि मग ते बोट तिथंच राहिलं.

उरलेला घाट आम्ही सायकली ढकलत चढलो. मी फोन केल्यावर त्याला टेम्पोत बसवायला कावेरीवहिनी परत खाली आली होती. तो बसला नाही. वहिनीनं आमच्याकडे पाहिलं, गालात हसली आणि टेम्पो वळवला.

वर आंबोलीला पोचलो तेव्हा खालचा सगळा मुलूख उन्हात पसरला होता. पार दूर, समुद्राची एक बारीक चकाकी.

"सर्वेश," मी म्हटलं, "नकार कळवून बाबांनी फोन ठेवलो ना… तेव्हा मी काजूच्या बागेत जाऊन रडलंय. खूप रडलंय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. आणि नेमका त्याचा फोन वाजला. तिथल्या वाऱ्यात ऐकू येईना म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"जिवंत आसस मा रे?" शेवंतीआत्या!

"आसंय. आत्ये… गौरजा आसा माझ्यासोबत."

आत्याचा आवाज एकदम उतरला. "माझ्यावर अजून राग आसा काय रे तिका?"

सर्वेश काही बोलायच्या आत मी फोन घेतला. "आसा. थोडो आसा."

"मगे घराक ये आणि तोंडावर भांड माझ्याशी. रविवारी ये. बांगडे आणून ठेवतंय."

मी सर्वेशकडे पाहिलं. ह्या वेळी तो माझ्याकडेच बघत होता, श्वास रोखून.

"येतंय, आत्ये," मी म्हटलं. "सायकलनंच येतंय."

"ये गो बाय," आत्या म्हणाली. "सावकाश ये."