धूसर पडद्याची तक्रार

नवा पडदा आला आणि हेमांगी तांडेलला दिसेनासं झालं.

तिच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. आडबंदरच्या किनारा निरीक्षण केंद्रात बसून समुद्र न्याहाळायचं काम ती लग्नाआधीपासून करत होती, आणि तिच्या नजरेला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. समुद्रावर घिरट्या घालणाऱ्या बिनमाणसांच्या विमानिका सारखी छायाचित्रं पाठवत. ती सांधून उत्तरेच्या खडकांपासून दक्षिणेच्या खाडीपर्यंतचं सगळं पाणी एका चौकटीत दिसे, आणि चौकट दर थोड्या वेळाने ताजी होई. यंत्रंही पाहत असत, पण फेसाचा पुंजका कोणता आणि उलटलेली होडी कोणती हे ठरवताना त्यांना अजून घाम फुटे. म्हणून शेवटची नजर माणसाचीच हवी असा कायदा होता. त्या माणसांसाठी सरकारने सतरंजीएवढे नवे पडदे धाडले होते. शेजाऱ्यांना आपापल्या पडद्यावर लाटेची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. हेमांगीच्या पडद्यावर तोच समुद्र जाड्याभरड्या चौकोनांची गोधडी होऊन पडला होता.

तिने सकाळी आल्या आल्या सेवाकेंद्राला फोन लावला.

“मॅडम, केबल काढून परत लावून बघितली का?” पलीकडचा मुलगा मधाळ आवाजात म्हणाला.

“बघितली.”

“रिझोल्यूशन सेटिंगमध्ये कमीवर तर नाही ना?”

“सगळ्यात वरच्यावर आहे. पडदा बंद करून चालू केला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आता तुम्हालाच बंद करून चालू करायचं राहिलंय.”

मुलगा हसला नाही. त्याच्या कागदावर हसण्याची पायरी नसावी.

“आणि हे बघा,” हेमांगी पुढे म्हणाली, “वरच्या डाव्या कोपऱ्यात एक केशरी ठिपका येतोय.”

“तो मृत ठिपका असेल, मॅडम. नव्या पडद्यात एखादा असतो.”

“मेलेला ठिपका जागा बदलतो का हो? मघाशी होता तिथून सरकलाय.”

“आपली तक्रार नोंदवली आहे,” असं म्हणून मुलाने फोन ठेवला.

तिची तक्रार मात्र थेट वरपर्यंत पोचली, कारण हे पडदे राज्यात पहिल्यांदा आडबंदरलाच बसले होते आणि ते घडवणारे डॉ. श्रीरंग केळुसकर त्या आठवड्यात जिल्ह्यातच मुक्कामाला होते. दुपारी ते स्वतः आले. पण त्यांच्या आधी केंद्रप्रमुख मोकल हेमांगीच्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते. टोपी हातात होती आणि ती ते उगाच फिरवत होते.

“हेमांगी, हरेश्वरची होडी नाय आली गो. पहाटे यायची होती. फोन लागत नाय, बिनतारी बंद हाय.”

हरेश्वर म्हणजे तिचा नवरा. त्याच्याबरोबर आणखी दोन खलाशी होते. रात्री वारं उठलं होतं हे तिला ठाऊक होतं. पण वारं काय रोजच उठतं, असं म्हणून ती कामावर आली होती.

“तू घरा जा,” मोकल म्हणाले. “बाकीचे बघतात.”

“घरा जाऊन काय करू? भिंतीला डोळं लावू? बघायची नोकरी माझी हाय, न् हरवलाय तो माझा नवरा. मी इथून उठनार नाय.”

हे चाललेलं असतानाच डॉ. केळुसकर आत आले. ठेंगणे, नीटनेटके, आपल्या यंत्राबद्दल बोलताना लहान मुलासारखे खुलणारे गृहस्थ. त्यांना होडीचं काही माहीत नव्हतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली, मग पडद्याच्या वरच्या कडेकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं.

पडदे लागले त्या दिवशी मोकलांनी रीतसर पूजा केली होती. नवी होडी पाण्यात लोटताना करतात तशीच. नारळ वाढवला, हार घातला, आणि दारातून पहिला आत आला तो पडदा हेमांगीच्या टेबलावरचा म्हणून त्याच्या कपाळी, म्हणजे वरच्या कडेवर मधोमध, कुंकवाचं ओलं बोट टेकवलं होतं. त्या कुंकवाखाली मण्याएवढी एक काच होती. ती काच म्हणजे पडद्याचा डोळा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी सेवाकेंद्राची गत झाली होती.

“बाई, एक हात समोर लांब करा,” केळुसकर म्हणाले. “अंगठ्याचं नख बघा. आता खरं सांगू? तेवढंच तुम्हाला स्पष्ट दिसतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मध्यभागी एक खळगी असते, पीतबिंदू. बारीक बघायचं काम फक्त तिचं. बाजूचं सगळं अंधुक, आणि कडेला तर रंगही धड कळत नाहीत. सगळं लख्ख दिसतंय ही थाप मेंदू आपल्याला मारत असतो.”

“मग?”

“मग अख्खा पडदा रेखीव काढायचा कशाला? वीज किती जाते! हा नजरमागी पडदा आहे. तुमची बाहुली कुठे वळली ते वरची काच टिपते, आणि पडदा नखाएवढा तुकडा तिथे रेखीव काढतो. बाकीचं ओबडधोबड, कडेला रंगही फिके. तुम्हाला ते कळतच नाही. काच झाकली की त्याला नजर सापडत नाही. मग बिचारा आपली सगळी ताकद सगळीकडे सारखी वाटून टाकतो. म्हणून हा गोधडीचा प्रकार.” मग ते सहज म्हणाले, “काही नाही, कुंकू पुसून टाका.”

मोकलांच्या हातातली टोपी थांबली.

“साहेब, काय बोलता! आजच्या दिवशी, या बाईला!” मोकल कळवळले, आणि त्यांनी दोन वाक्यांत होडीची हकिकत सांगितली. केळुसकरांचा चेहरा पडला. ते माफी मागू लागले.

“माफी नंतर,” हेमांगी म्हणाली. “कुंकू पडद्याचं आहे, माझं नाही. माझा नवरा काही या काचेवर राहत नाही.” आणि तिने ओढणीच्या टोकाने ते खसाखसा पुसलं.

पडदा उजळला. पाणी असं दिसू लागलं की हात घातला तर ओला व्हावा. तिने मनातल्या मनात केळुसकरांना शाबासकी दिली आणि ती शोधू लागली.

ती किती वेळ शोधत होती ते तिलाही कळलं नाही. शेजारचेही शोधत होते. पाऊस उतरत आला की इथला प्रवाह दक्षिणेला ओढतो, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून सगळे दक्षिणेचं पाणी पिंजत होते. दोघांना तिथे काहीतरी दिसल्यासारखं झालं. गस्तनौका एकच होती आणि उजेड असेपर्यंत तिची एकच फेरी होणार होती. मोकलांनी ती दक्षिणेला पाठवायचं ठरवलं.

तेव्हा हेमांगीला केशरी ठिपका आठवला. हरेश्वरच्या होडीवर केशरी ताडपत्री होती.

तिने वरच्या डाव्या कोपऱ्याकडे, म्हणजे उत्तरेच्या खडकांपलीकडे नजर नेली. पाणी स्पष्ट झालं. रिकामं होतं. जरा बाजूला पाहिलं, तेही रिकामं. पुन्हा पाहायला गेली तर नजर दक्षिणेच्या खाडीवर पोचलेली होती. तिला कळेना. तिने मान वळवून नजर परत नेली. दोन क्षणांनी ती पुन्हा खाडीवर होती.

“डॉक्टर, हा पडदा मला ओढतोय,” ती म्हणाली.

“छे, छे. पडदा कसा ओढेल? तो फक्त अंदाज बांधतो.” केळुसकर समजावू लागले. “असं बघा, डोळा उड्या मारत बघतो. उडी इतकी झटपट की ती संपल्यावर चित्र काढायला घेतलं तर उशीर होतो, आधी धूसर दिसतं. म्हणून पडदा उडीच्या आधीच ठरवतो की आता तुम्ही कुठे बघाल. त्याला आम्ही पूर्वनजर म्हणतो. हजारो निरीक्षक कुठून कुठे बघतात ते त्याने शिकून घेतलंय. प्रवाह दक्षिणेला असला की सगळे दक्षिणेलाच बघतात, हेही. तुमच्या आधी तो तिथे रेखीव करून ठेवतो.”

“आणि मला तिथे बघायचं नसलं तर?”

“तर तुम्ही दुसरीकडे बघा. कुणी अडवलंय?”

“अडवलं कुणी नाही हो. पण एका दारात दिवा लावलाय आणि बाकीच्या आळीत अंधार. माणूस कुठल्या दारात जाईल?”

केळुसकर पडद्याजवळ सरकले. त्यांनी स्वतः कोपऱ्याकडे पाहायचा प्रयत्न केला. हेमांगीने त्यांच्या बुबुळांकडे पाहिलं. बुबुळं वर गेली, थरथरली आणि खाली दक्षिणेला घसरली. केळुसकरांच्या ते ध्यानात आलं नाही.

“तुम्ही आत्ता कोपरा बघितला?” तिने विचारलं.

“हो, बघितला की. काही नाही तिथे.”

तिने हात वर केला, कपाळावरची टिकली काढली आणि त्या काचेवर चिकटवली.

“अगो, काय करतेस!” मोकल ओरडलेच. “टिकली काढतेस? नवरा समुद्रात हाय न् बाई कपाळ मोकलं करते?”

“कपाळावर बसून ती काय करनार, मोकलभाऊ? इथं तरी कामाला यील.”

“बाई, हा वेडेपणा आहे,” केळुसकरांचा आवाज चढला. “एकेका चौकोनात आता अख्खी होडी मावेल. माणूस तर दिसणारच नाही. शास्त्र सोडा, साधी अक्कल आहे ही. तुम्ही चष्मा काढून शोधायला निघालात.”

“चष्मा काढूनच शोधते. मला माणूस नकोच दिसायला, मला रंग दिसू दे. धूसर तर धूसर, पण सगळीकडे सारखं धूसर आहे. या पडद्याला आता माझ्याकडून काही नको आहे.”

समुद्र पुन्हा गोधडी झाला. शेकडो करडेहिरवे चौकोन दिसू लागले, एकालाही दुसऱ्यापेक्षा अधिक मान नव्हता. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात, सकाळपेक्षा आणखी वर, एक चौकोन किंचित तांबूस होता. चौकट ताजी झाली. तांबूसपणा शेजारच्या चौकोनात सरकला.

“नौका उत्तरेला पाठवा,” हेमांगी म्हणाली.

“दोघांनी दक्षिणेला सांगितलंय,” मोकल म्हणाले. “प्रवाह तिकडं हाय. तू एकटी सांगतेस, तेपन एका डागावरना. चुकलीस तर दुसरी फेरी नाय गो. सकाळपर्यंत…”

“चुकले तर माझा नवरा जाईल. तुमच्या घरचं कुनी जानार नाय. त्या दोघांनी बघितला नाय, त्यांना दाखवलाय. दोघं न् मी, तिघं मोजू नका तुमी. तो दोघांचा एकच डोळा हाय. नौका उत्तरेला पाठवा, नायतर मी जेटीवर जाऊन आडवी पडते.”

मोकलांनी केळुसकरांकडे पाहिलं. केळुसकरांनी बराच वेळ त्या तांबूस चौकोनाकडे पाहिलं आणि मान हलवली. होय म्हणून.

इंजिन बंद पडल्यावर हरेश्वरने ताडपत्रीचं शीड केलं होतं आणि दक्षिणेचं वारं धरून प्रवाहाच्या विरुद्ध वर सरकत राहिला होता. खडकांचा आडोसा मिळेल, एवढाच त्याचा हिशेब होता. कडुसं पडून अंधारायच्या आत तिघेही जिवंत सापडले.

जेटीवर गर्दी जमली तेव्हा केळुसकर बाजूला एकटेच उभे होते. हेमांगी नौकेच्या वाटेकडे डोळे लावून त्यांच्याजवळ आली.

“हे पडदे आणखी कुठे आहेत?”

“असे मोठे इथेच. पण तंत्र जुनं आहे. फोनमध्ये, टीव्हीत, शाळेच्या फळ्यांत. सहा वर्षं तरी झाली.”

“मग सहा वर्षं सगळे पडदा दाखवील तेच बघतायत?”

“पडद्यावर, हो.” मग ते म्हणाले, “आम्ही एकदा लोकांना कागदावरचं चित्र दाखवलं होतं. साधा कागद, ना काच ना वीज. तरी सगळ्यांची नजर एकाच क्रमाने फिरली. पडद्याच्या क्रमाने. नजर सुधारली, एकसारखी झाली, असं आम्हाला वाटलं. आम्ही पेढे वाटले होते, बाई.”

तिला त्या माणसाचा राग आला आणि त्याची कीवही आली.

दवाखान्यात हरेश्वर खाटेवर बसून चहा पीत होता. ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली, रडली, हसली, त्याला शिव्या घातल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग जरा रुसून म्हणाला, “सगल्यांनी इचारला, कानाला काय झाला. तू येकटीनी नाय इचारला.”

तिने पाहिलं. त्याच्या डाव्या कानावर मुठीएवढं पांढरं बँडेज होतं. ती इतका वेळ वीतभर अंतरावर बसली होती. डोळे, तोंड, पुन्हा डोळे, एवढंच तिने पाहिलं होतं, आणि सगळा नवरा पाहिला अशी तिची खात्री होती.

“हलू नकोस,” ती म्हणाली.

“काय करतेस?”

“तुला बघते. माझा नवरा हाय, मी माझ्या मनानी बघनार. कोन शिकवतो मला!”

तिने दात आवळले आणि पायाच्या नखापासून सुरुवात केली. घोटा, पोटरी, गुडघ्यावरचं खरचटलेलं. नजर मांजरासारखी निसटून वर पळे, ती मानगूट धरून तिला खाली आणी. पोट, छाती, खांदा. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं तरी तिने पापणी मिटली नाही. खांद्यावरून मान, मानेवरून आता कान.

ती हरेश्वरच्या डोळ्यांत पाहत होती. मधला कान गेला कुठे, तिला कळलं नाही.

ती पुन्हा पायाच्या नखापाशी गेली.