डोलिनाने विचारलेला प्रश्न

डॉक्टरांनी मला समुद्र बंद केला होता. तरी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, सकाळी दहाला, मी सर्फबोर्ड काखेत मारून डालमोरच्या वाळूवर उतरले. वय अठ्ठावन्न, डाव्या गुडघ्यात धातू, पाणी सात अंशांवर.

"गुडघा नवा बसवला, अक्कल जुनीच," डोलिना म्हणाली. माझी शेजारीण, शाळेपासूनची मैत्रीण. थर्मास घेऊन ती खडकाच्या आडोशाला बसली. "बुडालीस तर तुझ्या मेंढ्या माझ्या हं, मार्सली."

"एकच लाट. उभी राहून. मग घरी."

पहिल्या दोन खेपांना फेसानेच मला परत आणून आपटलं. दातांत वाळू कचकचत होती, थंडीने कपाळ ठणकत होतं. तिसऱ्या खेपेला मी फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे पोचले, बराच वेळ थांबले, आणि एका हिरव्या लाटेवर उभी राहिले. पार घोटाभर पाण्यापर्यंत.

डोलिना उठली नाही. नुसती बघत राहिली.

"तू गाडीत बसलीयेस ना?"

"म्हणजे?"

"अर्धा तास झाला तुला बाहेर येऊन. केस पुसून दिले मी तुझे. चहा प्यायलीस. बोलली मात्र नाहीस."

मी आयुष्यभर गणित शिकवलं. थंडीने भास होतात, मी म्हणाले. डोलिनाने थर्मास उलटा करून दाखवला. थेंबही पडला नाही.

गाडीत कुणी नव्हतं. काचांवर आतून वाफ धरली होती, आणि माझी सीट चिंब ओली होती.

आठवडाभर झोप लागली नाही. पण एकदा भिऊन घरी बसले असते, तर पुन्हा पाण्यात उतरलेच नसते. पुढच्या शनिवारी गेलेच. डोलिनाही आली, अट घालून.

"बाहेर आलीस की आधी सांगायचं, लहानपणी आपण शाळेमागे काय पुरलं ते. तोवर चहा नाही."

"ते आपल्या दोघींशिवाय कुणाला ठाऊकाय?"

"म्हणूनच."

लाटांपलीकडे पोचून मी मागे वळून पाहिलं.

माझ्यासारख्याच काळ्या रबरी सूटमधलं कुणीतरी पाण्यातून बाहेर पडत होतं. डावा पाय किंचित ओढत.

डोलिनाने हात आडवा धरून तिला थांबवलं.

मी ओरडले. वारा जमिनीकडून होता, आवाज किनाऱ्यापर्यंत पोचेना.

बोर्डवर पालथी पडले आणि जीव खाऊन हात मारू लागले.

डोलिनाचा हात खाली आला. ती हसली, आणि तिने कप भरला.