पाच ताऱ्यांचा घाम

"तिने तारे विकले," संचालक फोनवर म्हणाले. "दुसरं काही असूच शकत नाही. संध्याकाळी तिला काढून टाकतोय. त्याआधी तुम्हाला काही सापडलं तर बघा."

तपासनीस बाई तशाच निघाल्या. प्रकरण त्यांना ठाऊक होतं. एका कंपनीच्या फ्रिजला सरकारी प्रयोगशाळेने वीजबचतीचे पाच तारे दिले. त्या लेबलावर भरवसा ठेवून लोकांनी तो घेतला आणि घराघरातून बोंब उठली, की हा तर तीन ताऱ्यांइतकी वीज खातो. चाचणीच्या खोलीची चावी एकाच व्यक्तीकडे होती, चाचणी करणाऱ्या तंत्रज्ञ मुलीकडे. हा डाग लागला, तर तिला कुठलीही प्रयोगशाळा दारात उभं करणार नव्हती.

ती काचेतून आतल्या फ्रिजकडे बघत उभी होती. डोळे सुजलेले, मान ताठ.

"तुमच्याच माणसांनी हा दुकानातून उचलून आणला," ती म्हणाली. "परवापासून चालू आहे. आकडा बघा."

बाईंनी बघितला. चक्क पाच ताऱ्यांचा आकडा.

"मीटर?"

"बाहेरच्या लोकांनी तपासला. बरोबर आहे."

म्हणजे दुकानदाराने लेबल बदललं नव्हतं, मीटर खोटं बोलत नव्हता आणि घरोघरची बिलंही खोटी नव्हती. बाईंचं डोकं चक्रावलं.

"आत कोण जातं?"

"फक्त मी. फरशी पुसायला."

"पुसायला?"

"या मॉडेलच्या दाराला घाम फुटतो. खोली मुद्दाम दमट ठेवतो आम्ही, पण दुसऱ्या फ्रिजना इतका नाही येत. कोपऱ्यात फडकं ठेवूनच दिलंय."

"लेबलासाठी घाम मोजत नाही?"

"नाही. फक्त वीज."

"फ्रिजचं दार उघडून बघितलंस?"

ती दचकली. "चाचणी चालू असताना? छे! दार उघडलं की चाचणी मेली. सरांचा पहिला धडा."

"कोण सर?"

"आधी इथले प्रमुख होते. मला सगळं त्यांनीच शिकवलं. आता या फ्रिजच्या कंपनीत मुख्य अभियंता आहेत. त्यांच्यावर शंका घेऊ नका हं, मॅडम. माझी बाजू घेणारे तेवढे एकच आहेत."

सर तेवढ्यात आलेच. पिकले केस, मायेचा आवाज. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरगी गुणी आहे हो. वाचला असेल एखादा आकडा चुकीचा. कबूल करून टाक, बाळ, म्हणजे प्रकरण मिटेल."

आधार द्यायची ही तऱ्हा बाईंना मुळीच आवडली नाही. चुकलेलीच नाही, ती कबूल काय करणार?

"सर, दाराच्या चौकटीतला घाम वाळवायला गरम तार बसवतात ना?" बाईंनी विचारलं.

"काही मॉडेलमध्ये. यात नाही. म्हणून तर पाच तारे!"

बाई तडक धाकट्या बहिणीच्या घरी गेल्या. तिच्याकडे हाच फ्रिज होता. त्यांनी दार उघडून चौकटीवर तळहात टेकला. चौकट कोरडी होती आणि चांगली कोमट.

"ताई, फ्रिजची नाडी बघतेस की काय?" बहीण हसली.

"याला घाम येतो का गं?"

"एरवी ठणठणीत कोरडा. पण मागे आम्ही लग्नाला गेलो होतो ना? परत आलो तर पुढ्यात हे तळं! हे म्हणाले बिघडला. मी आतलं सगळं काढून पुसून घेतलं, तर मेकॅनिक यायच्या आत आपोआप बरा."

बाईंनी बहिणीच्या गालाचा मुका घेतला. ती बघतच राहिली.

दिवस कलायच्या आत सगळे प्रयोगशाळेत जमले. बडतर्फीच्या कागदावर सही करायला संचालकांनी पेन हातातच धरलं होतं.

"आत जा आणि फ्रिजचं दार उघड," बाई तंत्रज्ञ मुलीला म्हणाल्या.

"खबरदार!" सर ओरडले. मायेचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "चाचणी मरेल! शिकवलंय ना तुला?"

मुलीने सरांकडे बघितलं. मग आत जाऊन तिने दार सताड उघडलं.

मीटरचा आकडा टुणकन वर गेला.

"आतला दिवा लागला," सर घाईने म्हणाले. "तेवढंच."

तिने दार लावलं. दिवा विझला. आकडा खाली येईना. सगळे वाट बघत राहिले. थोड्या वेळाने तिने चौकटीला हात लावला आणि तो झटकन मागे घेतला.

"गरम होतेय," ती म्हणाली.

"होणारच," बाई म्हणाल्या. "हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. हा फ्रिज दारावर लक्ष ठेवून असतो. घरात दार सारखं उघडतं, तेव्हा तार चालू आणि यंत्रही जोरात. दिवसभर दार उघडलं नाही की तो समजतो आपण चाचणीत आहोत. मग तार बंद, यंत्र मंद. वीज वाचते, पण दार घामाने निथळतं. माझी बहीण लग्नाला गेली तेव्हाही तो फसला. रिकाम्या घरात त्याने परीक्षा दिली."

"पण हे केलं कोणी?" संचालकांनी विचारलं.

"सर, यात तार नाही म्हणालात. ती मला माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात सापडली. मुख्य अभियंत्याला आपल्याच फ्रिजमधली तार ठाऊक नाही? आणि इथे कोणी दार उघडणार नाही, याची खात्री तुमच्याइतकी कोणाला? तुम्हीच तर ती सवय लावलीत."

सर खुर्चीत बसले. "नियमात कुठेच लिहिलेलं नाही, की..." ते पुटपुटले.

मुलगी दारात उभी होती. तिला रडू येत होतं आणि ते तिने लपवलं नाही.

"निदान मला कबूल करायला तरी सांगायचं नव्हतं, सर," ती म्हणाली.

संचालकांनी पेन खिशात घातलं. तिने फ्रिजवरचं पाच ताऱ्यांचं लेबल नखाने सोलून काढलं, कोपऱ्यातलं फडकं उचललं आणि सरांच्या हातात दिलं.