हगाम्याला एक तारा

नारायणगावहून जुन्नरला निघालेल्या एसटीत खिडकीपाशी बसलेली एक मुलगी लागोपाठ पाचव्यांदा हरली, आणि शेजारी बसलेला सुदर्शन मान वाकडी करून तिच्या फोनमध्ये बघायला लागला.

हरण्यात विशेष काही नव्हतं. विशेष हे, की ज्या गेममध्ये ती हरत होती तो सुदर्शनने स्वतः, वारूळवाडीच्या राहत्या घरी, दीड वर्ष खपून बनवला होता. गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांना या भागात हगामा म्हणतात, म्हणून गेमचं नावही 'हगामा'. दोनशे बारा लोकांनी तो फोनमध्ये घेतला होता. एकेचाळीस जणांनी पाच-पाच तारे देऊन मत नोंदवलं होतं, आणि एकेचाळीसही जण नात्यातले होते. साळुआत्याचं मत असं होतं : 'छान आहे. पोटभर जेवत जा.'

जुन्नर तालुक्यात बिबट्या कुणालाही दिसतो. 'हगामा' खेळणारं परकं माणूस मात्र सुदर्शनला आज पहिल्यांदाच दिसत होतं. त्याने घसा मोकळा सोडून कंडक्टरकडे एक जुन्नर मागितलं, सुटे पैसे दिले, आणि मग धीर करून विचारलं,

"मुद्दाम हरताय का?"

"हो." नजर फोनवरच.

"का?"

"कसा पडतोय ते बघतेय. पैलवानाला आधी पडायला शिकवतात, भाऊ. ह्याला कुणी शिकवलेलंच न्हाई. हे बघा... धपकन! कांद्याची गोण टाकल्यागत."

'भाऊ' हा शब्द सुदर्शनला त्या गोणीपेक्षा जोरात लागला.

"पण एकूण... गेम कसा वाटला?"

आता तिने वर पाहिलं. डोळे टपोरे, आणि त्यात हसू आहे की नाही हे सांगता येऊ नये असे. "का? बनवणाऱ्याला ओळखता का तुमी?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ देता आलं असतं. पण सुदर्शनने खिडकीबाहेरच्या टोमॅटोच्या बागेकडे पाहिलं आणि म्हणाला, "छे! मी कुठला ओळखणार..."

"मग सांगते. बकवास हाय."

सुदर्शनने तिकिटाची घडी घालून ती खिशात ठेवली.

"तो मधेमधे ओरडणारा तेवढा बरा हाय. 'धर की गड्या, धर!' म्हणतो ना, तो. येडा वाटतो. पण मनापासून येडा."

तो ओरडणारा म्हणजे सुदर्शनच. दुसऱ्या कुणाला आवाज द्यायला सांगावं तर दुसरं कुणी तयारच नव्हतं. त्या क्षणापासून तो कुजबुजल्यासारखा बोलू लागला.

"घसा बसलाय का?" तिने विचारलं.

"जन्मापासून," तो कुजबुजला.

तिचं नाव साधना. गाव डिंगोरे. सकाळी नारायणगावच्या तालमीत सराव करून घरी निघाली होती. सुदर्शन जुन्नरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा, मंगळवार-गुरुवार-शनिवार. हे त्याने तिने न विचारता सांगितलं. वारांसकट.

संध्याकाळी त्याने फोन उघडला. बेचाळिसावं मत आलं होतं. एक तारा. लिहिणाऱ्याचं नाव 'डावा कान'.

'पैलवानांचे कान सगळे धड आहेत. हे पैलवान नाहीत, मुलगी बघायला आलेले पाहुणे आहेत. सलामी नाही, थेट भिडतात. आधी खडाखडी पाहिजे. नुसतं हाताला हात लावून समोरच्याचा अंदाज घ्यायचा असतो. ताकदीची हिरवी पट्टी संपली की पैलवान पडतो. आमच्याकडे पट्टी संपलेला माणूसच कधीकधी जिंकतो. पडलेल्याला कोणी हात देत नाही. बरोबरी नाही. मुली नाहीत.'

सुदर्शनने ते अकरा वेळा वाचलं. पाच ताऱ्यांनी त्याची एकदाही झोप उडवली नव्हती; या एकाने उडवली. लिहिणारी बसमधलीच, हे लगेच समजलं, तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना. डावा कान का?

पुढचे दोन महिने मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हे आठवड्याचे एवढेच वार राहिले. साधना कायम डाव्या बाजूच्या खिडकीशी बसायची. मोकळे केस डाव्या गालावर ओढून घ्यायची. वारा आला की उजव्या हातात फोन तसाच ठेवून डाव्या हाताने केस धरायची. सुदर्शन उजवीकडे. बसमध्ये माणसाला बसायला दोनच बाजू असतात, आणि त्यातली एक खिडकी होती.

"त्या मत लिहिणाऱ्याचं नाव 'डावा कान' का असेल हो?" त्याने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"उजवा आधीच कुणीतरी घेतला आसंल."

तिने जगभरचे मारामारीचे गेम खेळून पाहिले होते आणि एकालाही सोडलं नव्हतं. "बाहेरच्या गेममधी खुर्ची उचलून डोक्यात घालतात, राव. आपल्याकडं खुर्ची फक्त सरपंचाला." बॉक्सिंगच्या गेमबद्दल ती एवढंच म्हणाली, की तो खेळून आपला फक्त अंगठा दुखतो, समोरच्याचं काहीच दुखत नाही.

'राव' ऐकून सुदर्शनला दिवसभर बरं वाटलं. 'भाऊ' बंद होऊन आज आठवडा झाला होता. त्याने मोजलं होतं.

गेम बदलत गेला. सलामी आली, खडाखडी आली, पडलेल्याला हात मिळाला, पैलवानांचे कान मोडले, दोन मुली आखाड्यात उतरल्या. साधना दर अपडेटला बसमध्ये म्हणायची, "त्या बनवणाऱ्याला अक्कल येत चाललीय." तारा मात्र एकच ठेवायची.

"आता काय राहिलं?" तो कुजबुजत विचारायचा.

"बरोबरी. दोघंबी पडंनात, तर पंच दोघांचे हात वर करतात. ते कुठंय?"

"खेळणाऱ्याला निकाल लागतो हो. बरोबरीत काय मजा?"

"तुमाला काय ठावं? तुमी थोडाच बनवलाय?"

इथे सुदर्शन खिडकीबाहेरचे टोमॅटो मोजायला लागायचा. पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं तर फक्त लाज गेली असती. आता साधनाच जाईल अशी भीती वाटत होती. तोंडावर बकवास म्हणणाऱ्या मुलीला दोन महिने फसवलेला माणूस कसा चालेल? रोज नारायणगावला तो ठरवायचा, आज सांगायचं. रोज जुन्नर यायचं.

चैत्रात ती म्हणाली, "आमच्या डिंगोऱ्याच्या हगाम्याला या. खरा कसा असतो बघा एकदा. माझी कुस्ती हाय."

तो गेला. आखाड्याभोवती माणसं उन्हात टोप्या-टॉवेल घेऊन बसलेली, हलगी कडकडत होती, आणि नेमका निवेदकाचा घसा बसला होता. पंच होते चिमाजी वस्ताद. ते माईक हातात धरून उभे, कारण तो कुणाला द्यावा हे कळेना. गर्दीतून सुदर्शनचा कॉलेजातला मित्र सूरज उठला. याच्या पोटात काही राहत नसे.

"वस्ताद, ह्याला द्या! ह्यानं गेम बनवलाय कुस्तीचा! त्यात ह्योच वरडतो!"

माईक सुदर्शनच्या हातात आला. समोर आखाड्यात साधना उभी होती, घोडेगावच्या स्नेहल नावाच्या मुलीसमोर. केस घट्ट बांधलेले. आणि पहिल्यांदाच डावा कान उघडा. कुस्त्यांत घासून मोडलेला, सुजून घट्ट झालेला, पाकळ्या चुकलेल्या मोदकासारखा. सुदर्शनने उभ्या आयुष्यात इतका सुंदर कान पाहिला नव्हता, आणि याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

सूरजचं बोलणं तिथवर पोचलं असेल का? हलगीत बुडालं असेल का? तो माईकमध्येही कुजबुजला, "आता... डिंगोऱ्याची साधना..."

"मोठ्यानं बोल की!" गर्दीतून आवाज आला. "कानात मंतर देतोय का?"

खडाखडी झाली. पकड झाली. चौथ्या मिनिटाला स्नेहलने तिला खाली घेतलं आणि उलथायला लागली. एक खांदा टेकला. दुसरा बोटभर वर. सुदर्शन आवाज विसरला, दोन महिने विसरला, आणि कर्ण्यातून अख्ख्या डिंगोऱ्यावर गरजला,

"धर की गड्या, धर!"

खालून, तोंडात माती असताना, साधना हसली. खरंच हसली, वस्तादांनीसुद्धा पाहिलं. मग वळवळून सुटली आणि उभी राहिली. पंधरा मिनिटं झाली तरी कुणी कुणाला पाडेना, तेव्हा वस्तादांनी दोघींचे हात वर केले. बरोबरी. दोघी एकमेकींचा हात धरून आखाडाभर फिरल्या आणि लोकांनी दोघींसाठी टोप्या उडवल्या.

सुदर्शन रसाच्या गाड्यामागे जाऊन उभा राहिला. लपायला जागा बरी होती. फक्त घुंगरं वाजत होती. साधना तिथेच आली, अंगाला माती, केस अजून बांधलेले.

"घसा सुटला वाटतं."

"साधना, तो गेम... मीच..."

"म्हाईत हाय."

"आज कळलं?"

"पहिल्या दिवशी. कंडक्टरला 'एक जुन्नर' म्हणालास ना, तवाच. सगळी गाडी वळून बघत व्हती."

"मग... बोलली का नाहीस?"

"खडाखडी चालली व्हती," ती शांतपणे म्हणाली. "अंदाज घ्यायला नको माणसाचा?"

त्याने हातातल्या रसाचा एक घोट घेतला. मग तो कानाकडे बघतोय हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिचा हात सवयीने वर गेला. पण केस बांधलेले होते. हात हवेतच राहिला.

"आई म्हणती, पाहुणे बघायला आले की केस पुढं घेत जा. दोघं हे बघूनच माघारी गेले," ती म्हणाली. या वेळी आवाजात मस्करी नव्हती. "म्हटलं... बसमधी तरी..."

"मी गेमसाठी असले चाळीस कान काढले," सुदर्शन म्हणाला, मोठ्याने, त्याच्या खऱ्या आवाजात. "एकही असा जमला नाही."

रसवाल्याने गाडा थांबवून वळून पाहिलं.

साधनाने दंडावरची माती झटकली. मग म्हणाली, "तू आवाज लपवलास, मी कान. काय निकाल लावायचा?"

"बरोबरी?"

"ती तुझ्या गेममधी न्हाई."

"घालतो. आज घालतो."

"बरोबरीनंतर काय करतात, बघितलंस ना?"

तिने हात पुढे केला. हातावर लाल माती होती, आणि सुदर्शनच्या हातात रसाचा ग्लास. ग्लास कुठे ठेवला हे त्याला आजही सांगता येत नाही.

त्या आठवड्यात अपडेट आला. 'डावा कान'ने मत बदललं : 'बरोबरी आली. चार तारे. पाचवा हातचा ठेवला आहे, बनवणारा शेफारतो.'

खाली साळुआत्यानेही आपलं मत सुधारून घेतलं होतं : 'छान आहे. दोघंही पोटभर जेवत जा.'